आधी मातीला हात

२४ सप्टेंबर २०२५, उत्रोली
यंदा दसऱ्याला आप्पा, म्हणजे माझे वडील, आजोबांचा दांडपट्टा पुढच्या पिढीला देणार. ज्याच्या हाती पट्टा, त्याची तालीम. दुसरा उमेदवार चुलतभाऊ धनाजी. तो वरातीत पट्टा फिरवतो, रील काढतो. म्हणजे मीच. निश्चय : रोज पहाटे सराव.

२५ सप्टेंबर
सराव नाही. आजोबांचा नियम : उष्ट्या तोंडाने शस्त्राला शिवायचे नाही. चहा घेतला होता.

२७ सप्टेंबर
आज चहा घेतला नाही. चक्कर आली. असो, सरावापेक्षा संस्कार मोठा. धनाजी अंगणात खेळत होता, चपला घालून! आप्पांना सांगितले. म्हणाले, व्हय, पन हात लई साफ झालाय त्याचा.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळी ८
डाव्या हाताने लिहितेय. पूजेआधी आप्पांना चार हात दाखवावेत म्हणून मातीला हात लावून पट्टा चढवला. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा, मूठ आत. मग आठवले. आजोबांचा नियम : उतरवण्याआधीही उजवा तळवा मातीला टेकवायचा. तळवा आत आहे. आजोबा काहीतरी करत असणार. विचार चालू.

११ वाजता
पाटावर सगळी हत्यारे, पट्ट्याची जागा रिकामी. आप्पांना नियम सांगितला. ते उरलेली हत्यारे पुसत बसले. ओरडले असते तर बरे. शेवटी मीच पाटावर हात ठेवून बसले. आईने पट्ट्याला हळदकुंकू वाहिले, म्हणाली, निवद बी तुलाच दावू का? धनाजीने फोटो काढला.

दुपारी ३
हात सुजला. आता काढू म्हटले तरी निघत नाही. म्हणजे नियम मोडण्याची भीती नाही. निश्चिंत.

संध्याकाळी ६
आईने खोबरेल ओतून ओढला. उजव्या तळव्याचा नियम तिला आत्ता कळला. म्हणाली, तुजा आजा डाव्या हातानं माती कपाळाला लावायचा अन् पट्टा सोडायचा. उजव्याचं कुनी सांगितलं तुला?
बहुधा मीच.

२ ऑक्टोबर, दसरा
पट्टा धनाजीला. देताना आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. नंतर म्हणाले, तू नेम सांग, ह्यो खेळंल. म्हणजे अर्धी तालीम माझीच.

२३ नोव्हेंबर, कामथडी
धनाजीला वरातीची सुपारी. पहिला नियम सांगितला : लग्नात पट्टा फिरवायचा नाही. म्हणाला, बरं ताई, तवर ह्यो स्पीकर धर.
धरला. धरण्याआधी मातीला हात लावला. वरात निघाल्यावर लक्षात आले, खाली ठेवण्याआधीही लावावा लागेल. दोन्ही हात अडकलेले.