आईच्या भरिताचा बुटका खांब

मंगळवार, संध्याकाळ. अमळनेर.

अरे लॅपटॉपा, तुला आठपासून सुरुवात करायला कोणी सांगितलं होतं? शेतातल्या भरीत पार्टीत सगळ्यांनी दहापैकी गुण दिले. आईच्या भरिताला सरासरी सव्वाआठ, मोठ्या काकूच्या भरिताला पावणेनऊ. एवढासा फरक! मी हौसेने प्रोग्राम लिहून आलेख काढला, तर तू उभा अक्ष आपल्या मनाने आठपासून धरलास. काकूचा खांब ताडासारखा, आईचा पाटाएवढा. आणि मीही न बघता घरच्या ग्रुपवर टाकला!

आई भडकली, "दखाड बठ्ठा गावले! दाखव सगळ्या गावाला माझा बुटका खांब! आता भरीत काकूकडेच खा." तेव्हापासून घरात नुसता वरण-भात.

आज किमान शून्य, कमाल दहा असं स्वतः लिहिलं. दोन्ही खांब जवळपास सारखे. हाही आलेख ग्रुपवर टाकला. आई खूश. लगेच काकूचा फोन, "का रे, माझा पहिला नंबर तुझ्या लॅपटॉपने गिळला का?"

मग खरं कोणतं? आठपासूनचंही खोटं नाही, शून्यापासूनचंही नाही.

आईने अंगणात वांगी भाजायला कपाशीच्या काड्या पेटवल्यात. काकू स्वतःची वांगी घेऊन निघालीय. पुन्हा भरीत, पुन्हा गुण. तू काही बोलूच नकोस, मी चाललो जेवायला.