वेटसूटचा रिकामा रकाना

कार्ल्सरूहे, शुक्रवार संध्याकाळ

निखिलने सर्फिंगच्या सुट्टीची एक्सेल शीट पाठवली. नवऱ्याचं ऑफिस घरातही चालूच असतं. उत्तर समुद्राकाठचं गाव, मुलांसाठी एकदम सुरक्षित म्हणे. त्याचा आणि रेवाचा वेटसूटचा, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी सूटचा, साइज लिहिलाय. माझ्या नावापुढे तो रकाना रिकामा. शेजारी लिहिलंय: टॉवेल, डबा, बॅगा.

मी विचारलं, "आणि माझा सर्फिंगचा कोर्स?"

"अगं, तुला कुठे पोहता येतं!"

आमची नऊ वर्षांची रेवा मान वरसुद्धा न करता म्हणाली, "गेनाऊ, मामा." म्हणजे जर्मनमध्ये, "बरोबर, आई."

मला पोहता येत नाही? काकांच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकले मी. पुढच्याच वर्षी काठावरून मुटके मारत होते. पण ह्यांना कसं कळणार? मीच सांगायला हवं होतं का? दर उन्हाळ्यात तळ्यावर जातो आणि मी काठावर पोळीचे रोल वाटत बसते. आधी रेवा तान्ही होती म्हणून. मग सवयच झाली. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

आज सांगितलं. निखिल हसला. "खरंच? कधी बोलली नाहीस!" तू कधी विचारलंस?

मग टेप काढून उंची, छाती, कंबर मोजली आणि तो रकाना भरला. स्वयंपाक आटोपून बघते तर पुन्हा रिकामा. बाजूला त्याची कॉमेंट: "मग बॅगांपाशी कोण बसणार?"

पुढे हसरा चेहरासुद्धा टाकलाय.