पंखावरचा अंगठा

ग्रिम्सबी, रविवार दुपार

आणि वर म्हणे, "एडनावहिनी, त्यात काय एवढं, नुसता ब्रश टेकवायचा!" हे तुम्हीच म्हणाला होतात ना, क्लिफर्डभावोजी? माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझाच केक तोंडात कोंबत? टेकवला ब्रश. आता घरात दोन माणसं आणि बोलतंय एकच. ती एक कोण, हे सांगायला नको.

(नमस्कार राहिलाच. तो आता घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाई विनिफ्रेडचा खोकला? इकडे सगळं ठीक, म्हणजे अजून कोणी मेलेलं नाही. अक्षर सांभाळून घ्या. शाळा सोडून मी मासळीच्या कारखान्यात सुरी धरली, ते तुम्हाला ठाऊकच आहे.)

तर ऐका. हिवाळ्यापासून तुमच्या भावाचे, म्हणजे आमच्या अर्नल्डचे, हात थरथरतात. नाताळात तुम्ही दिलेलं ते पाण्यावर उतरणारं, तुकडे जोडून बनवायचं प्लास्टिकचं विमान त्याला शनिवारी चर्चच्या हॉलमधल्या प्रदर्शनात मांडायचंय. मामंजींनी लढाईत अशाच विमानांची इंजिनं दुरुस्त केली, म्हणून हेच विमान, दुसरं नको. कोपरं टेबलावर टेकली की अर्नल्डला दोन तुकडे घट्ट धरता येतात, पण ब्रश धरला की तो टेबलक्लॉथ रंगवायला लागतो. म्हणून ठरलं, त्याने धरायचं आणि मी चिकटवायचं. मी म्हटलं, जन्मभर हेरिंग मासे साफ केले, डिंकाचं काय मोठंसं.

पण तो डिंक नाहीच, भावोजी. पूर्वीचं नळीतलं, चिकटवायचं सिमेंट कसं, जाड असायचं, तारा सुटायच्या, नाकाला चिकटायचं, पण निदान डोळ्यांना दिसायचं. हे पाण्यासारखं पातळ, बाटलीच्या झाकणालाच ब्रश, आणि वास पेरच्या चघळायच्या गोळ्यांचा. पहिल्यांदा मी दोन्ही कडांना लोणी फासावं तसं फासलं आणि कडा जुळवेपर्यंत ते उडूनसुद्धा गेलं. अर्नल्ड म्हणाला, "एडना, तो पाव नाहीये." मग त्यानं शिकवलं. आधी कोरडे तुकडे जुळवायचे, फटीला ब्रशचं नुसतं टोक लावायचं आणि हात मागे घ्यायचा. आणि खोटं कशाला बोलू, ते बघण्यासारखं असतं! मांजर दिसल्यावर उंदीर बिळात पळावा तसा तो थेंब फटीतून शेवटापर्यंत धावतो. प्लास्टिक प्लास्टिकला विरघळवून धरतं. मग म्हणे थांबायचं. थांबायचं! इथेच घोडं पेंड खातं. मी बसची वाट बघत थांबत नाही, चालायला लागते.

विमानाचं पोट झालं, डावा पंख झाला, मग आला उजवा. किटली शिट्टी मारत होती, दारात दूधवाला उभा होता, आणि पंखाच्या टोकाला फट जरा उघडी दिसली. मी फटीवरच अंगठा दाबला आणि शेजारी ब्रश टेकवला. ते मेलं सिमेंट फटीत जायचं सोडून माझ्या अंगठ्याखाली शिरलं. अंगठा उचलला तर पंखावर, त्या बारीक बारीक रिव्हेटांच्या ओळीत, माझा ठसा! पोलिसांनी घ्यावा तसा, रेघन् रेघ. मी म्हटलं, "कारखान्यातूनच तसा आला असेल." अर्नल्डने भिंग काढलं. माझ्या अंगठ्यावर सुरीचा आडवा व्रण आहे. त्याने पंख बघितला, माझा अंगठा बघितला, परत पंख बघितला. "त्या कारखान्यात तुझी जुळी बहीण आहे वाटतं," म्हणाला, आणि बाटलीचं झाकण लावलं.

एवढ्यावर निभावलं असतं. घासून पुसून त्याने ते लपवलंही असतं. पण दुसऱ्या सकाळी तो केस कापायला गेला आणि मला राहवेना. घेतली माझी जुनी सुरी, म्हटलं तो यायच्या आत सपाट करून ठेवते. (ते आतून अजून मऊ असतं, हे मला कोणी सांगितलं होतं? तुम्ही? तुम्ही केक खात होतात.) चीज निघावं तसं प्लास्टिक निघालं. रिव्हेटं गेली, खड्डा पडला. अर्नल्ड आला, बघितलं, आणि ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि मग चहा झाला असता. त्याने विमान खोक्यात घातलं, खोकं कपाटावर ठेवलं आणि म्हणाला, "राहू दे, एडना. झालं तेवढं पुष्कळ." तेव्हापासून खिडकीत बसून सीगल बघतोय. भावोजी, हा आता पुन्हा कधी टेबलाशी बसणार नाही, मला दिसतंय ते. हात थरथरतात म्हणून तो थांबला नव्हता, माझ्यामुळे थांबला.

बाकी क्षेम.

तुमची वहिनी,
एडना हॅक्सबी

ता. क. तुमच्या कपाटात, पाहुण्यांच्या ब्लँकेटांखाली, याच विमानाचं दुसरं खोकं आहे. वरचा कागदसुद्धा फाडलेला नाही. विनिफ्रेडने मला दाखवलंय. तुम्हा लोकांची जात मला माहीत आहे, बांधायचं म्हणून आणता आणि उबवत बसता. बंद खोकं फोडा म्हणणं म्हणजे पाद्र्याला चर्चची घंटा विक म्हणण्यासारखं, हेही कळतं. तरी फोडा. उजवा पंख पाठवा, वरचा आणि खालचा दोन्ही तुकडे. केकच्या डब्यात घाला, म्हणजे अर्नल्डला संशय यायचा नाही.

आणखी एक. लिफाफा बंद करत होते तर प्रदर्शन भरवणाऱ्या क्लबचे मिस्टर पिकरिंग दारात. म्हणे, विमानासमोर ठेवायच्या पाटीवर नावं कशी लिहू, अर्नल्ड आणि एडना की नुसतं हॅक्सबी नवरा-बायको? मी म्हटलं, कसली एडना? तर म्हणे, "अर्नल्डनेच सांगितलंय की दोघांची नावं लावा. मागच्याच बैठकीत!" खिडकीत तुमच्या भावाचे कान लाल झाले. म्हणजे आता पंख त्याच्यासाठी नको, मला हवाय. माझी मासळीची पेटी कधी कोणी परत पाठवली नाही, आणि खड्डा पडलेल्या पंखापुढे माझं नाव लागणार नाही.

थांबा. तो खुर्चीवर चढून खोकं काढतोय. पडेल मेला.

काढलं. इंजिनाचे दोन अर्धे भाग धरून टेबलाशी बसलाय आणि हाका मारतोय, "एडना, ब्रश घे, मला फार वेळ धरवत नाही." जाते. गुरुवारच्या टपालाने उत्तर हवं, पंखासकट.