अक्का, मेदकचं चर्च खूप मोठं होतं

प्रिय अक्का,

आठवतं का, उदगीरच्या घरी चुलीपुढं आपण दोघी जावा बसलो होतो? तुम्ही भाकरी थापत होतात, मी ज्वारी निवडत होते. हैदराबादच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर आम्हा मुलींना जुनी चर्चं दाखवायला न्यायच्या, ते सांगत होते. मेदकचं तेवढं राहिलं, म्हटलं. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधलंय म्हणतात.

तुमचा हात थांबला. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडली होती. "म्हंजी आमच्यावानीच लोकांनी? आमच्या खडीचा रस्ता तर फुडच्याच पावसात गेला की गं! मला बगायचंय ते."

"चर्चात जाऊन बाटायचंय का दोघींना?" सासूबाई ओसरीवरून ओरडल्या. पदर तोंडात कोंबून किती हसलो आपण!

आज लिहायला बसले ती तुमच्या सुनंदामुळे. काल तुमचं तेरावं झालं. भांडी आवरताना ती म्हणाली, "काकू, आई म्हणायची, मेदकला बगण्यासारखं काय न्हाई, धाकटी बगून आली न्हवं." अक्का, माझं खोटं तुम्ही लेकीलाही दिलंत?

ब्याऐंशीला लातूर नवा जिल्हा झाला. हे आणि भाऊजी नव्या कचेरीत लागले, सोमवारी जायचे ते शनिवारी उगवायचे. पेढे वाटले, पाऊस मात्र आला नाही. टँकरचा नेम नसे, म्हणून एकीनं घरी असायलाच हवं. माझ्या शाळेच्या मैत्रिणी मेदकला निघाल्या तेव्हा तुम्हीच म्हणालात, "तू जा. पाणी मी भरते. फुडच्या खेपंला मी."

परत आले तर तुम्ही उंबऱ्यावर. टँकरच्या नळीनं तळहात सोललेले. "सांग की, कसं हाय?"

"काही नाही हो अक्का. मोठी खोली, चार बाकडी."

"बरं झालं मग, न्हाई गेले ते."

तुम्हाला हळहळ वाटू नये म्हणून बोलले, असं आजवर स्वतःला सांगत आले. पण तुम्हाला पाठवायचं तर घरात भांडावं लागलं असतं ना? तुम्ही विचारणं सोडलंत आणि मी सुटले. सुटले कसली! त्याच हंड्यांशी म्हातारी झाले. तुम्ही तरी एकदा रागवायचं होतंत!

आता खरं ऐका. ते खूप मोठं आहे. मान वर करून छत बघताना माझा पदर खांद्यावरून घसरला, तरी कळलं नाही. रंगीत काचांतून ऊन येतं, माझ्या फिकट लुगड्यावर निळं-तांबडं पडलं होतं. आणि दगड, अक्का! एकेक घडवलेला, अजून जागच्या जागी. भिंतीला हात लावला आणि रडू आलं. तो हात तुमचा असायला हवा होता.

हे सगळं सुनंदाला सांगेन. तिला आणि माझ्या सुनेला, दोघींना एकदम मेदकला नेईन. तेही पाण्याच्या दिवशीच.

त्या दिवशीचं पाणी ह्यांनी आणि भाऊजींनी भरायचं. "आमाला कुटं जमतंय?" हे म्हणाले. "शिका," म्हटलं.

तुमचं इरकली लुगडं सुनंदाला. पाटल्या तुमच्या सुनेला. पितळी डबा माझ्या सुनेनं मागितलाय, तिला दिला. चपला मात्र कुणाला देणार नाही. तुमच्या मुलानं आणून किती वर्षं झाली, टाचा अजून कोऱ्या आहेत. कुठं गेलात कधी तुम्ही! मला त्या येतात. मेदकला त्याच घालीन.

तुमची,
धाकटी