नकली पापण्या आणि उताणी झोप

धाकटे, तुला आशीर्वाद. तू बरी असशीलच, तुला काय होतंय, तू हवी तशी झोपतेस. मी मात्र तुझ्याकडून आल्यापासून उताणी पडलेय, आणि उताणं पडून झोप येत नाही, फक्त छत दिसतं. आमच्या छताला पोपडे आलेत हे मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, "ताई, ऐक ना, ऐक ना" करत स्वतःच बोलतेस, म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस. मला शाळेत घालायच्या वेळी तू पाळण्यात होतीस आणि पाळणा हलवायला कुणीतरी लागत होतं. आईच्या गुडघ्याचं काय ते कळव, आणि खरं कळव.

आता मुद्दा. तुझ्या पार्लरच्या कोर्सची परीक्षा आहे हे मला मान्य. तुझी मास्तरीण पापण्या चिकटवल्या त्या दिवशी मार्क देत नाही, पंधरवड्यानंतर किती टिकल्या ते बघून देते, हेही मान्य. (बाई शहाणी आहे. आमच्या कारखान्यातही शिलाई शिवली म्हणून पास होत नाही, ओढून बघितल्यावर होते.) पास झालीस तर मालकीण तुला स्वतःची खुर्ची देणार, नाहीतर आहेच जन्मभर दुसऱ्यांच्या गिऱ्हाइकांचे केस झाडणं. म्हणून तर मी बसले. अख्खी दुपार डोळे मिटून पडले, तू चिमट्याने एकेक केस चिकटवत होतीस, मला शिंक आली ती मी गिळली. आणि सगळं झाल्यावर, मी चपला घालत असताना तू सांगतेस, "ताई, आता फक्त पालथं झोपायचं नाही हं." फक्त! अगं, हे चिकटवायच्या आधी सांगायचं असतं. मी जन्मापासून पालथी झोपते. दिवसदिवस मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची पाठ गादीला टेकतच नाही, मधून मांजर जाईल एवढी जागा राहते.

त्यात सध्या मला रात्रपाळी. म्हणजे मी दिवसा झोपते, आणि माझी झोप ही घरात सगळ्यांच्या करमणुकीची गोष्ट झालीय. पहिल्या दिवशी हात पोटावर ठेवून, डोळे मिटून सरळ पडले. जरा डोळा लागला तोच नाकाला काहीतरी लागलं. बघते तर सासूबाई माझ्या नाकाखाली बोट धरून उभ्या. "आहे, आहे," असं आत तुझ्या भाऊजींना ओरडून सांगितलं आणि परत भाजी निवडायला गेल्या. भाऊजींनी तर विचारलंही नाही काय आहे ते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच युक्ती काढली, माझ्या दोन्ही बाजूंना उशा, उशांना टेकून पेट्या, म्हणजे मी वळायलाच नको. (हा माणूस गोदामात माल रचतो, त्याला बायको आणि खोका यात फरक करायची सवय राहिलेली नाही.) मी वळलेच. पेटी त्यांच्या पायावर पडली. ते काय बोलले ते लिहीत नाही, आईला वाचून दाखवशील.

मग तू म्हणालीस, अभ्रा सॅटिनचा घाल, म्हणजे केस घासणार नाहीत. आमच्या कारखान्यात अस्तराचे तुकडे पडलेलेच असतात, सुपरवायझरबाईंना विचारून आणले, जोडून अभ्रा शिवला. केस घासले नाहीत हे खरं. डोकंच घासून खाली आलं. सॅटिनवर डोकं ठरत नाही, तू कधी ठेवून बघितलंयस का? मी उशीवर झोपायची आणि पलंगाच्या मध्यावर उठायची, पाय बाहेर लोंबकळत.

शेवटी म्हटलं, यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही, आपलं काम आपल्याला येतं. मी जन्मभर ब्रा शिवते. कप कसा फुगीर ठेवायचा, आतली वस्तू दबू न देता वरून कापड कसं ताणायचं, हे मला कुणी शिकवायला नको. रिजेक्ट मालातले सगळ्यात लहान साइजचे दोन कप घेतले, मध्ये नाकापुरती पट्टी, बाजूला इलॅस्टिक. जेवणाच्या सुट्टीत मशीनवर बसले आणि डबा उघडायच्या आत तयार. सुपरवायझरबाई मागे येऊन उभ्या. "हे कुणाच्या मापाचं?" म्हटलं, "माझ्या डोळ्यांच्या." त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं, शिलाई ओढून बघितली, पास केली आणि गेल्या. तोंडावरची सुरकुती हलली नाही. त्या बाईला मी मानते.

घालून झोपले तर आत पापण्यांना कुठे काही लागत नाही, मोकळी हवा. सासूबाई म्हणाल्या, "घोड्याला झापडं असतात तशी दिसतेस." दिसू दे. पण चूक काय झाली, तर हात सवयीने चालला आणि हूक मागे लावले गेले. ब्राचे हूक मागेच असतात, मी आजवर हजारो लावले असतील, हाताला काय कळणार की यावेळी मागे डोकं आहे. उताणी पडले की हूक डोक्याच्या मागे रुततो. मग मी काय केलं असेल? पालथी झाले. आणि धाकटे, अशी झोपले, अशी झोपले! कप उशीत रुतून बसले, पापण्या आत सुरक्षित. तुझ्या मास्तरणीच्या कोर्समध्ये हे नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. पण दार वाजलं. गॅसवाला सिलिंडर घेऊन उभा, सासूबाई आंघोळीला, भाऊजी कामावर. मी अर्धवट झोपेत दार उघडलं, डोळ्यांवर दोन कप तसेच. तो म्हणाला, "मावशी, नंतर येऊ का?" मी घाईने हूक न काढता ते खालून वर उपटलं, दमून आल्यावर बाई उपटते तसं. डाव्या कपाच्या शिलाईत पापण्या अडकल्या आणि बाहेरचा अख्खा कोपरा निघून आला. मी किंचाळले, गॅसवाल्याने सिलिंडर तिथेच टाकला आणि जिना उतरला. अजून सही घ्यायला आलेला नाही.

तर उजवा डोळा पूर्ण, डावा अर्धा. आरशात बघितलं तर मी कायम कुणालातरी डोळा मारतेय असं वाटतं. परीक्षा शनिवारी. तूच म्हणाली होतीस ना, "तुला नाही जमलं तर वहिनीला नवीन लावून मास्तरणीकडे पुढची तारीख मागीन." मग बसव वहिनीला. ती आयुष्यभर उताणीच झोपलीय, बसूनसुद्धा. मला मोकळं कर, उरलेल्या काढून टाक. आईला नमस्कार.

तुझी ताई

ता. क. निघालेल्या पापण्या कपासकट सोबत पाठवतेय. नीट बघ. तुझा गोंद सुटलेला नाही, माझा स्वतःचा केस मुळासकट घेऊन आलाय. म्हणजे शिलाई टिकली, कापड फाटलं. मास्तरणीला हे दाखव आणि असंच सांग. तिने कप कसला म्हणून विचारलं तर तेही सांग, लाजायचं काही नाही.

ता. क. दुसरा. वहिनीला बसवू नकोस. पास झालीस की मॉडेलच्या डोळ्यांचा मोठा फोटो तुझ्या खुर्चीमागे कायमचा लागणार, हे तू मला सांगितलं नव्हतंस, आईने आत्ता फोनवर सांगितलं. तिथे वहिनीचे डोळे लागले तर मी तुझ्या पार्लरात पाय ठेवणार नाही. फोटो उजव्या बाजूने काढा. आणि काढून टाक म्हटलं ते रागाने म्हटलं. काढू नकोस, डावा कोपरा परीक्षेनंतर भर आणि जरा लांब भर. मास्तरीण दीड डोळ्यावर मार्क देते का, ते विचारून गुरुवारपर्यंत लेखी कळव. नाही कळवलंस तर शनिवारी मी न विचारता येऊन त्या खुर्चीत बसेन, मग उठव मला.