कोणता डॉलर?

संगमनेर,
२१ ऑगस्ट २०२५

चि. नृसिंह,

अनेक आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. प्रवरेला पाणी चांगलं आहे. पुढच्या आठवड्यात गणपती, अजून मखराचं काही ठरलं नाही.

पक्षाघातानंतर अप्पा गप्पच असायचे, तुला ठाऊक आहे. जूनपासून मात्र सकाळी चहा पिताना ते एक आकडा बोलायला लागले. "शहाऐंशी बारा." मला वाटलं, तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, त्यातलंच काहीतरी. दुसऱ्या दिवशी पेपरात डॉलरचा भाव तोच होता! मग रोज तसंच. एकदाही चुकले नाहीत.

त्यांचे जुने विद्यार्थी हनुमंत दुबईला डाळिंबं पाठवतात. मीच त्यांना हे सांगितलं. ते रोज येऊन बसू लागले. अप्पांना सांभाळणाऱ्या बाईंचा पगारही तेच द्यायला लागले. पेन्शनमध्ये भागतं असं मी तुला म्हणाले होते, ते खोटं होतं.

गेल्या आठवड्यात सोमवारी हनुमंतांनी नेहमीसारखं विचारलं, "सर, आज डॉलर काय म्हनतोय?"

अप्पांनी वर पाहिलं. शब्द पहिल्यांदाच ऐकावा तसं म्हणाले, "कोणता डॉलर?"

हनुमंत हसले. बुधवारी त्यांना दुबईहून निरोप आला, यापुढचे सौदे चिनी युआनमध्ये, डॉलर नको. तेव्हापासून ते फिरकले नाहीत. "मला भ्या वाटतंय ताई," एवढंच फोनवर म्हणाले.

शनिवारी माझं डोकं फिरलं होतं. सहा वर्षांत तू आला नाहीस. सगळं मी एकटीने करायचं. रागाच्या भरात अप्पांना म्हटलं, "नृसिंह कधी येणार, तेही सांगा की!"

त्यांनी तसंच वर पाहिलं.

"कोणता नृसिंह?"

"तुमचा मुलगा, अप्पा. अमेरिकेतला."

ते हसले. चुकीच्या घरी आलेल्या माणसाला सांगावं तसं, अगदी शांतपणे म्हणाले, "मला एकच मुलगी आहे."

डॉक्टर म्हणतात, या आजारात विसरायला होतं. पण आईची तिथी त्यांना आठवते रे. माझ्या मैत्रिणींची नावंसुद्धा आठवतात.

शनिवारपासून तुला फोन लावते आहे. हा नंबर अस्तित्वात नाही, असं ऐकू येतं. म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते आहे. मी विचारायलाच नको होतं. येऊ नकोस हवं तर, पण दोन ओळी लिही. तुझ्या हातच्या.

तू आहेस, या भरवशावर
तुझी ताई,
नीलांबरी