मेथीचं जावळ

४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

यांना अर्धांगवायू झाला, त्याला आज तीन महिने झाले. उजवा हात तसाच लुळा आणि तोंडातून एक शब्द नाही. ज्यांच्या गप्पांसाठी गिऱ्हाइकं दाढी वाढलेली नसतानाही सलूनच्या खुर्चीत येऊन बसायची, ते आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बोलण्याचे व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांच्याकडे बघतही नाहीत. मला काही सुचत नाही, दादा. वहिनीला नमस्कार.

तुझी,
चिमी

१० फेब्रुवारी

चि. चिमीस,

अ. उ. आ.

धीर सोडू नकोस. सोबत पुडीत मूठभर मेथीदाणे पाठवतोय. हसू नकोस, किराणा दुकानदार भाऊ दुसरं काय पाठवणार? भिजवून पसरट डब्यात पेर आणि दाजींच्या खाटेशी खिडकीत ठेव. भिंतीपेक्षा बरं काहीतरी दिसेल. वेळेवर जेवत जा, असं वहिनीने बजावलंय.

तुझ्यावर जीव असलेला,
दादा

२ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

मेथी पेरल्यावर तिसऱ्या दिवशी मातीला भेगा पडल्या आणि वाकलेल्या इवल्या माना वर आल्या. यांनी खिडकीकडे कूस बदलली, ती कायमचीच. रोपं उजेडाकडे झुकायची, आणि मी शिवणकामाच्या कारखान्यातून येईपर्यंत डबा कुणीतरी फिरवून ठेवलेला असायचा. मला वाटलं, शेजारीण. तिला विचारलं, तर म्हणाली, ती आलीच नव्हती. दादा, हेच डाव्या हाताने फिरवत होते!

काल मेथी चार बोटं झाली, जावळासारखी दाट, मऊ. भाजीला कापावी म्हणून यांची सलूनमधली कात्री घेतली, मुठीत रोपं धरली, आणि मागून आवाज आला, "थांब." घोगरा, जड, पण स्पष्ट. वळले, तर यांचा डावा हात पुढे. कात्री मागत होते.

मी डबा धरून बसले. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात चालेना. वाकडं कापलं, चिडले, पुन्हा कापलं. अर्ध्या तासाने सगळी मेथी एका पातळीत आली. मग मान मागे घेऊन यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मला म्हणाले, "आरसा."

मी धावत आणला. यांनी तो मेथीला दाखवला, आधी समोरून, मग मागून. आणि हसले, दादा, वाकड्या तोंडाने खदखदून हसले.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
चिमी